दयाराम मास्तरांचं सहावं प्रकरण

दयाराम मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मुंबईच्या एका ख्रिस्ती छापखान्याने त्यांना पुस्तक लिहायला सांगितलं. दिवस झपाट्याने बदलत होते. तरुण मुलं रेडिओ-सिनेमात रमली होती, नोकरीच्या ठिकाणी कुणी आपला धर्म सांगायला कचरत होतं. अशा काळात ख्रिस्ती माणसाने विश्वासाने कसं जगावं, ते सोप्या मराठीत हवं होतं.

पनवेलची ख्रिस्ती मंडळी लहानशी, आणि तिच्यात मास्तरांच्या शब्दाला मान. रविवारची उपासना संपली की ते नवं प्रकरण वाचून दाखवत. सहावं प्रकरण होतं ‘जगापासून वेगळे राहा’. सिनेमा नको, तमाशा नको, जत्रेत तर पाऊलही नको, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. मंडळीतले जुने सभासद बळीराम यांनी पुढे येऊन मास्तरांचा हात हातात घेतला.

त्याच संध्याकाळी मास्तरांची मुलगी रुथ म्हणाली, “बाबा, मंगळवारी मी गव्हाणला जातेय. गावदेवीच्या जत्रेत पटकीची लस टोचायचीय.”

रुथ सरकारी दवाखान्यात नर्स होती.

“रांग कुठे लागणार?” मास्तरांनी विचारलं.

“देवळाच्या ओट्यावर. सावली तिथेच आहे.”

“दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणावं.”

“दुसरं आहे कोण? तुम्ही लिहिलंय ते मी विसरले नाही, बाबा. पूजा मी करणार नाही. पण साथ आलेली असताना टोचायला नाही म्हणू?”

मंगळवारी दवाखान्याच्या बैलगाडीत ते आपणहून चढले. लेकीवर लक्ष राहील, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गव्हाणला सुई बघूनच माणसं मागे सरकत होती. शेवटी मिठागरात राबणारी गोदू नावाची म्हातारी पुढे झाली. “मना टोच आदी,” म्हणत तिने दंड पुढे केला. मग रांग हलली. रडणाऱ्या पोरांना मास्तर जवळ घेऊ लागले, गोष्टी सांगू लागले. सवयच ती.

दुपारी गोदू पानावर खोबरं आणि गूळ घेऊन आली. “घे बाय, देवीचा परसाद.”

रुथचा हात थबकला. रुथने हात जोडले. “मावशी, रागावू नका. मी ख्रिस्ती आहे. दुसऱ्या देवाला वाहिलेलं मी खात नाही. पण तुम्ही मायेने आणलंत, ते मला कळतं.”

“आमच्या देवीचा अपमान करते काय?” रांगेतून एकजण ओरडला.

“कसला अपमान?” गोदू त्याच्यावर उखडली. “घेतला असता आन् पाठीमागं टाकला असता तर अपमान. पोरीनं तोंडावर खरा सांगितला.” मग ती रुथकडे वळली. “नाय खायचा तर नाय. माझ्या घरचा पानी तरी पिशील का?”

“पाणी? दोन तांबे पिईन!”

आजूबाजूचे हसले. ओरडणारा गडीही बाही वर सारून रांगेत पुढे आला.

घरी आल्यावर मास्तरांनी सहावं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. प्रसाद, गोदू, पाण्याचे तांबे, सगळं घडलं तसं लिहिलं. रविवारी ते वाचल्यावर बळीराम उठले.

“मास्तर, रुथने नाही म्हटलं. उद्या दुसरी कुणी भिडेखातर घेईल. मग?”

“घेईलही,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर मुलांना घरी नीट शिकवायचं, बळीराम. घरात कोंडून कसं भागेल?”

पुढचे कितीतरी रविवार बळीराम मास्तरांशी तुटकच वागले. पुस्तक छापून आलं तेव्हा मात्र त्यांनी एक प्रत मागून नेली.

आणि एका सकाळी ते आपल्या मुलीला, शकूला, घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले.

“हिला नर्सिंगला जायचंय. मी आजवर नाहीच म्हणत होतो,” ते रुथकडे बघून म्हणाले. “काय काय शिकावं लागतं, ते हिला तूच सांग.”

रुथने शकूला आपल्याशेजारी बसवलं. शकूने आधी वडिलांकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, “ताई, पहिल्यांदा टोचताना हात थरथरला होता?”

“थरथरला म्हणजे? तो पेशंटच मला धीर देत होता!”

शकू खुदकन हसली. बळीरामांनी चपला काढल्या आणि ते आत येऊन बसले.