बेचाळिसावं पान

माझ्या नवऱ्याला मराठी वाचता येत नाही, ही गोष्ट चिक्कडपल्लीत तिघांनाच ठाऊक होती. एक मी, एक ते स्वतः आणि एक छापखान्याचे दत्तोबा. आणि याच नवऱ्याचं मराठी पुस्तक येत्या रविवारी प्रकाशित व्हायचं होतं.

वाचता येत नाही म्हणजे अगदी अंगठेबहाद्दर नव्हेत हो. एकनाथराव निजामाच्या राज्यात शिकले, पहिलीपासून बी. ए.पर्यंत सगळं उर्दूत. पत्रं उर्दूत, हिशेब उर्दूत, सासूबाईंच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा उर्दूत. मराठीची बालबोध अक्षरं त्यांना लागत, पण एकेक करून, बोट ठेवून, ओठ हलवत. रिक्षातून जाताना पाटी वाचून होईपर्यंत दुकान मागे पडलेलं असायचं. घरात बोलणं मात्र मराठी. म्हणजे आमचं हैदराबादी मराठी, ज्यात निम्मा माल दखनीचा आणि वर चिमूटभर तेलुगू.

रहस्यकथा ते उर्दूत लिहीत आणि नामपल्लीच्या एका मासिकात त्या छापून येत. मग संध्याकाळी ते उर्दू कागद हातात धरून तीच गोष्ट मला मराठीत सांगत आणि मी ती बालबोधीत उतरवून घेई. मी मुलींच्या मराठी शाळेत शिकलेली. माझ्या निबंधांवर बाई ‘भाषा शुद्ध’ असा शेरा मारायच्या. त्यामुळे हे बोलतील ते जसंच्या तसं लिहिणं म्हणजे मला धुळीच्या पायांनी देवघरात शिरण्यासारखं वाटे. त्यांचा मुडदा माझ्याकडे आला की शव होई. त्यांचा जमादार आरक्षक अधिकारी होई. ‘घोडीला ठाऊक होतं’ या गोष्टीचं मी ‘अश्वशाळेतील रहस्य’ केलं होतं. वाचून दाखवलं की ते मान डोलावून म्हणत, “भारी वाटायलंय पद्मा. एकदम किताबासारखं वाटायलंय.”

त्यांना कुठे ठाऊक की मी हे सगळं कशासाठी करत होते. लग्नानंतर एकदा आम्ही पुण्याला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. हे उत्साहानं कसलीशी गोष्ट सांगायला लागले, आणि यांनी ‘हो’च्या जागी ‘हौ’ म्हटलं की पोरी पदरात तोंड घालून हसायच्या. गोष्ट भुताची होती. हेही त्यांच्याबरोबर हसले आणि मग पुण्यात असेपर्यंत पाणी मागण्यापलीकडे बोलले नाहीत. मला त्या पोरींचा आजही राग येतो.

तर ते साल होतं छप्पन. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्य मोडून तीन वाटण्या व्हायच्या होत्या आणि मराठी मुलूख मुंबईकडे जायचा होता. आमच्या गल्लीत रोज कुणाच्या तरी ट्रंका बांधल्या जात होत्या. समोरच्या इंदुताईंचं औरंगाबाद ठरलं होतं. यांची नोकरी इकडच्या जमिनींच्या नकाशांची. जमीन काही उठून मुंबई राज्यात जाणार नव्हती, तेव्हा आम्हीही इथेच राहणार होतो. ज्या मराठी साप्ताहिकात यांच्या गोष्टी यायच्या ते श्रावणातच बंद पडलं. वाचणारेच गाडीत बसून निघाले तर छापायचं कुणासाठी?

एकनाथरावांचं जेवणातलं लक्ष उडालं. भाकरी मोडून तशीच धरून बसायचे. “पद्मा, सगळेच निघाले गं,” एकदा म्हणाले, “आता मी गोष्टी कोणाला सांगू? तेलुगूत मला भाजी आणता येते. खून नाही करता येत.”

मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

मग दत्तोबांनी जाता जाता एक धाडस केलं. त्यांचा छापखानाही दिवाळीनंतर परभणीला हलायचा होता. त्यांनी यांच्या आठ गोष्टींचं पुस्तक छापलं आणि प्रकाशनाला औरंगाबादेहून हिम्मतरावांना बोलावलं. हे हिम्मतराव रेल्वे स्टेशनांवर विकायला स्वस्त पुस्तकांची माला काढणार होते. त्यांना पुस्तक पसंत पडलं तर यांच्या गोष्टी नांदेड, परभणी, जालना, जिथं जिथं आपली माणसं गेली तिथं तिथं जाणार होत्या. नाही पडलं तर यांचं हेच पहिलं आणि हेच शेवटचं मराठी पुस्तक. मधला रस्ता नव्हता.

आणि दत्तोबांच्या छापखान्याची एक रीत होती. पुस्तक निघालं की लेखकानं पहिलं पान सगळ्यांसमोर वाचायचं.

“दत्तोबांना सांगा, घसा बसलाय म्हणून,” मी म्हटलं.

“घसा दर वेळी कसा बसंल? हिम्मतरावला वाटंल, लेखक मुका आहे का काय.”

मग आम्ही पाठांतराला लागलो. ऑफिसातून आले की चहा आणि पहिलं पान. मी वाचायचे, हे म्हणायचे. चाळीस वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा खिडकीत उभा राहून ‘सायंकाळची रम्य वेळ होती’ म्हणत होता आणि शेजारची तेलुगू अम्मा मला विचारत होती, कसला मंत्र चाललाय म्हणून. पाठ झालं, पण यांच्या तोंडी ते बसेना. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखे शब्द सैल पडत. मला वाटलं, भीतीमुळे होत असेल.

रविवारी दत्तोबांनी यंत्र एका भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. शाईचा वास काही सरकला नव्हता. चाळीसेक माणसं आली, निम्मी निरोप घ्यायला. इंदुताई माझ्या शेजारी बसल्या. हिम्मतराव टांग्यातून उतरले. पांढरी टोपी, परीटघडीचं धोतर आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द छापून आणलेला. शिक्षण पुण्याचं, असं इंदुताई कानात म्हणाल्या. व्हायचं तेच झालं, मी मनात म्हटलं.

पुस्तकावरचा कागद सुटला, टाळ्या झाल्या. एकनाथराव उठले. त्यांनी पहिलं पान उघडलं, खाकरले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“थांबा,” हिम्मतराव म्हणाले. त्यांच्या हातात त्यांची प्रत होती. “पहिलं पान सगळेच बरं लिहितात. मला मधलं ऐकू द्या. बेचाळीस काढा.”

बेचाळिसावर ती घोडीची गोष्ट होती. मलकपेठच्या रेसच्या घोड्यांच्या तबेल्यातली. यांनी पानं उलटली. अंक त्यांना येत होते, पान सापडलं. मग त्यांचं बोट पहिल्या ओळीवर टेकलं आणि ओठ हलू लागले. “रा… त्री…” कुणीतरी खोकलं. मी साडीचा पदर मुठीत असा आवळला होता की इंदुताईंनी माझा हात धरला. उठावं आणि ‘त्यांना बरं नाही’ म्हणावं, असं वाटत होतं.

यांनी बोट काढून घेतलं. पुस्तक तसंच उघडं धरलं, पण नजर वर, दारापलीकडे कुठेतरी. आणि बोलायला लागले.

“घोडी झोपंना. कान टवकारून, पाय आपटत उभी. जमादार म्हणाला, अगं बये, अर्धी रात झाली, कोणाची याद येऊ लाली तुला? घोडी काय बोलणार? पण बघत होती एकाच जागी. तिकडं गवत रचलं होतं. जमादारानं कंदील खाली ठेवला. म्हणाला, हौ बाई, दाखव, काय दाखवतीस. आन् गवतात हात घातला. आत ऊब होती. अजून आत घातला.” हे थांबले. “हाताला हात लागला.”

इंदुताईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. मागे दाराशी बसलेल्या एका बाईनं नातवाला जवळ ओढलं. मी मात्र हिम्मतरावांकडे बघत होते. त्यांचं बोट त्यांच्या प्रतीवर होतं आणि ते पहिल्या ओळीवरून पुढे सरकलंच नव्हतं.

“एकनाथराव, कोणतं पान वाचलंत?”

“बेचाळीस.”

“बेचाळिसावर हे नाही,” हिम्मतराव म्हणाले, आणि आपल्या छापील आवाजात त्यांनी ते पान वाचलं. “‘रात्रीच्या नीरव शांततेत अश्वशाळेच्या द्वारापाशी आरक्षक अधिकारी चिंतामग्न उभे होते. तृणराशीकडे त्यांचे लक्ष जाताच एक निश्चेष्ट मनुष्यदेह त्यांच्या दृष्टीस पडला.’”

माझी वाक्यं. ‘तृणराशी’ हा शब्द सुचला तेव्हा मला किती आनंद झाला होता. आता त्या खोलीत तो शब्द पडला आणि तिथंच पडून राहिला. एक गृहस्थ जांभई देत होते. ते गृहस्थ मला आजही दाखवता येतील.

हिम्मतरावांनी चष्मा काढला. “हे या माणसाच्या गोष्टीत कुणी घातलं? दत्तोबा, तुमच्या मुद्रितं तपासणाऱ्यानं? असल्या माणसाला आधी घरी पाठवा.”

दत्तोबांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “साहेब, चूक आमचीच असंल,” ते म्हणाले, “छापखाना हलवायच्या गडबडीत—”

झालं, सुटलो, असं मला वाटलं. हे गप्प राहिले असते तर यांचंही झाकलं जात होतं आणि माझंही. गप्प बसायला काय पडतं? पण आमच्या माणसाला नको तिथं तोंड फुटतं.

“दत्तोबाची चूक नाही,” एकनाथराव म्हणाले. “मला बालबोध वाचता येत नाही, साहेब. अक्षरं लागतात, वाचणं होत नाही. उर्दूत शिकलेला माणूस मी. आता सांगितलं ते माझ्या डोक्यातलं. किताबातलं लिहिणं आमच्या मंडळींचं आहे. त्या तिथं बसल्यात. त्यांनी नसतं लिहिलं तर मराठीत माझं एक अक्षर नसतं. त्यांना कोणी काही बोलायचं नाही.”

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगावी असं सीतेला का वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचा आणखी राग आला.

हिम्मतराव उभे राहिले. बाईमाणसाचं लिखाण आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज उतरला, पण त्यांनी विचारायचं सोडलं नाही. “वहिनी, तुमचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. एवढंच सांगा. ‘हाताला हात लागला’ हे तुम्ही ऐकलं होतं ना?”

“ऐकलं होतं.”

“मग गाळलं का?”

शुद्धतेबद्दल काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

“यांना कुणी हसू नये म्हणून,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना पहिल्यांदाच एखादी गोष्ट सांगितली होती. पुण्याचं लग्न त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“जालन्याच्या स्टेशनावर कोण हसणार?” हिम्मतराव हळूच म्हणाले. “तिथं सगळे असंच बोलतात. मी घरी आईशी असंच बोलतो.” मग यांच्याकडे वळून म्हणाले, “मी घेतो. पण हे नाही, ते. आठही गोष्टी पुन्हा, तुम्ही सांगाल तशा. लिहायला हात मात्र यांचाच लागेल. वहिनी, लिहाल?”

मी तोंड फिरवलं. भर सभेत मला निकालात काढायचं आणि वर लिहाल का म्हणून विचारायचं, ही कुठली रीत? दत्तोबांनी चहा फिरवला. माझा तसाच निवला.

घरी चालत आलो. गल्लीच्या तोंडाशी एका बिऱ्हाडाचं सामान हातगाडीवर चढत होतं, त्याला वळसा घालावा लागला.

“रागावलीस?” यांनी विचारलं.

“हौ,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “तृणराशी वाईट नव्हतं. नुसतं त्यात हात घालता येईना.”

दोन दिवस मी दौतीला हात लावला नाही. हे नुसते खिडकीत बसून राहत. तिसऱ्या दिवशी इंदुताई निरोप घ्यायला आल्या. डोळे पुसत, कढी कशी फुटू द्यायची नाही ते सांगत, आणि उंबऱ्यात थांबून मध्येच म्हणाल्या, “पद्मावती, त्या गवतातल्या मुडद्याचं पुढं काय झालं गं? रात्री झोप लागंना मला.”

किताब पाठवते, असं मी म्हटलं. म्हणून गेले खरी.

त्या संध्याकाळी यांचा चहा झाल्यावर मी कागद घेऊन बसले. “सांगा,” म्हटलं, “पण हळू सांगा.” ते घोडीपासून सुरू झाले. मी घोडी लिहिली, बये लिहिलं, याद लिहिलं. ‘हौ बाई’पाशी टाक थांबला, तेव्हा हेही थांबले. मी ते लिहिलं. आजवर यांची गोष्ट चालू असताना मी पुढचा शुद्ध शब्द शोधण्यात गुंतलेली असायचे. आज शोधायचं काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

जमादारानं कंदील खाली ठेवला. गवतात हात घातला. आत ऊब होती. सासूबाई मंदिरात गेल्या होत्या, समोरच्या इंदुताईंच्या घराला कुलूप होतं आणि स्वयंपाकघरात अजून दिवा लावलेला नव्हता.

‘हाताला हात लागला,’ असं मी लिहिलं, आणि मागे, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे वळून बघितलं.