सागवानी फळीवरचा झेंडा

मराठवाड्याचं एक बरं आहे. बाकी देशाचा झेंडा पंधरा ऑगस्टला चढला की झालं. आपल्याला निजामानं तेरा महिने जास्त ठेवून घेतलं, त्यामुळे आपला सतरा सप्टेंबरलाही चढतो. पंधरा ऑगस्टला कुणाचं काही फसलं, तर महिन्याभरात दुसरी संधी मिळते. गौरम्माच्या सुनेचं पंधरा ऑगस्टला फसलं होतं.

सून लातूरची, सृष्टी नाव. लग्नाआधी एका केकच्या दुकानात केकांवर क्रीमची फुलं काढायची. देगलूर तालुक्यातल्या ह्या गावात येऊन तिला आठ महिने झाले होते. इथं केकची भट्टी नव्हती, केक खाणारं कुणी नव्हतं आणि वीज आपल्या मर्जीनं यायची. घरात तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. चांगलं बोलायचीही ह्या घरात पद्धत नव्हती. जेवण आवडलं तर माणसं दुसऱ्यांदा भात घेत, तेवढ्यावरून समजून घ्यायचं.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री तिनं फ्रीजमध्ये तीन रंगांचं फ्रॉस्टिंग, म्हणजे केकवर पसरतात ते घट्ट क्रीम, ठेवलं आणि वीज गेली ती सकाळीच आली. तिन्ही रंग एकत्र होऊन जो रंग तयार झाला, तो कुठल्याच देशाचा नव्हता. नवऱ्यानं, अमरेशनं, ते पेल्यात ओतून घेतलं आणि म्हणाला, "लस्सी बरी झाली की."

त्यानंतर काही दिवसांनी सृष्टीनं कपाटावरची बॅग काढली. "आत्या, सतरा तारखेचा झेंडा झाला की संध्याकाळच्या गाडीनं लातूरला जाऊन येते. चार दिवस."

"जा की," गौरम्मा म्हणाली.

बॅगेत चार दिवसांचे कपडे होते आणि एक लाल स्वेटर होता. गौरम्मानं मुद्दाम काही बघितलं नाही. बॅगेची चेन उघडी होती आणि गौरम्माचे डोळेही उघडे होते. सप्टेंबरात, देगलूरहून लातूरला चार दिवस जायला स्वेटर कशाला लागतो, हे तिनं विचारलं नाही. पण भाकरी थापताना तिची भाकरी दोनदा फाटली, आणि ती भाकरी फाटू देणारी बाई नव्हती.

अशात शाळेतून पंचशीला मॅडमची चिठ्ठी आली. मॅडम मुख्याध्यापिका, गावात सहा वर्षं होत्या. सतरा तारखेला प्रत्येक घरानं एक पदार्थ आणावा, विस्तवाशिवाय केलेला. शाळेचं सिलिंडर संपलं होतं. मॅडमनी त्यातून उपक्रम काढला.

"विस्तवाशिवाय म्हणजे काय, कच्चं खायचं का?" गौरम्मानं विचारलं.

"नाही आत्या. डेझर्ट बोर्ड करते. एका फळीवर फ्रॉस्टिंग पसरायचं, बाजूनं बिस्किटं, फळं मांडायची. ज्यानं त्यानं यायचं, बिस्कीट बुडवायचं, खायचं."

"फळीवर?"

"फळीवर."

"ताटं हायेत की घरात. अठरा हायेत."

"फळीच लागते."

घरात पाट होता, पण त्यावर माणसं बसतात. पोळपाट लहान पडला. शेवटी मलप्पा सुतारानं कुणाच्यातरी दाराचं उरलेलं सागवान रंधा मारून दिलं. फळी सुंदर झाली, फक्त एका कोपऱ्यात बिजागरीची खाच राहिली. "तिथं मलई जास्त बसंल," मलप्पा म्हणाला. तो नुकसानीतही फायदा दाखवणारा माणूस होता.

दोन दिवस घरात फडक्यात बांधलेलं दही टपटपत होतं. चक्क्यात लोणी आणि पिठीसाखर फेटून पांढरं फ्रॉस्टिंग झालं. पिकल्या पपईचा गर घालून केशरी झालं. विड्याची पानं वाटून गाळली, त्याचं हिरवं झालं. अडलं ते चक्राच्या निळ्यावर. सृष्टीनं गोकर्णीची फुलं थंड पाण्यात भिजवली, गडद निळं पाणी निघालं, आणि चक्क्यात पडताच ते जांभळं झालं. दुसऱ्यांदा केलं, तरी जांभळं. तिसऱ्यांदाही जांभळं झालं, तेव्हा ती पोरगी वाटी समोर घेऊन बसून राहिली. ते बसणं गौरम्माला बॅगेसारखं दिसलं.

"आंबटानं होतंय ते," गौरम्मा म्हणाली. "आमच्याकडं रांगोळीचा रंग करायचो ह्या फुलाचा. लिंबू पडलं की असंच व्हायचं. दही घालू नकोस. नुस्त्या लोण्यात घाल."

नुसत्या लोण्यात निळं निळंच राहिलं. सृष्टीनं ते मेंदीच्या कोनात भरलं आणि पांढऱ्यावर चक्र काढलं. चोवीस आरे. काढताना ती श्वास घेत नव्हती. गौरम्माही घेत नव्हती, पण तिला कुणी बघत नव्हतं.

सतरा तारखेला झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, भाषण झालं, आणि शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या टेबलांकडं गाव वळलं. केळ्याची शिकरण होती, दहीपोहे होते, नऊ घरांनी भेळ आणली होती. मधल्या टेबलावर सागवानी फळी. वर पपईचा केशरी पट्टा, मधे पांढरा आणि चक्र, खाली पानाचा हिरवा. भोवती बिस्किटं, खारी, केळ्याच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे. बायका थांबल्या. पुरुष थांबले. "अगं बाई, हुबेहूब हाय की गं!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी फोन काढले.

फोटो साठेक निघाले असतील. अमरेशनं तर स्टेटसलाच ठेवला. बिस्कीट मात्र एकाही हातात नव्हतं.

पहिला हात एका पोरीनं पुढं केला, तेव्हा सटवाजी हवालदार पुढं आले. फौजेत वीस वर्षं काढून आलेला माणूस, शाळा समितीचा अध्यक्ष, गावातला झेंडा त्यांच्याशिवाय दोरीला लागत नसे.

"थांब," ते म्हणाले. "काय करून राहिलीस?"

"खाऊन राहिले."

"झेंड्याला हात पुसायचा न्हाई असा नियम हाय. तू तर बिस्कीट पुसून राहिलीस."

पोरगी भेळेकडं गेली.

"काका, तो झेंडा नाही, डेझर्ट आहे," सृष्टी म्हणाली.

"केशरी हाय?"

"आहे."

"पांढरा, हिरवा हाय? चक्राला आरे किती?"

"चोवीस."

"मोजून काढलेस ना? मग पोरी, आता त्याला शिरा म्हणून कसं चालंल?"

"पण खाऊ नये असं कुठं लिहिलंय?"

"लिहिणाऱ्याला सुचलं नसंल," हवालदार म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना चेष्टा येतच नसे.

मग त्यांच्या लक्षात आलं की टेबलाच्या पलीकडं उभ्या असलेल्यांना झेंडा उलटा दिसतोय, हिरवा वर. त्यांनी पलीकडच्या सगळ्यांना अलीकडं घेतलं. ग्रामसेवकांना घेतलं, सरपंचबाईंना घेतलं. पलीकडं एक बकरी राहिली, तिलाही हाकललं. सगळं गाव एका बाजूला उभं राहून फळीकडं बघू लागलं. एवढं बघितल्यावर ते खायची भूक कुणाला राहते? हळूहळू भेळ संपली, शिकरण संपली, नऊच्या नऊ पातेली रिकामी झाली आणि माणसं घराकडं निघाली. जाताना प्रत्येकजण सृष्टीला सांगून गेला, "लई छान केलंस बाई." आठ महिन्यांत तिला एवढं छान कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यातलं एकही तिच्या चेहऱ्यावर पोचलं नाही.

"ऊन लागंल त्याला," हवालदार म्हणाले. त्यांनी देगलूरहून येणाऱ्या जीपमधून बर्फाची लादी मागवली, परातीत ठेवली, फळी तिच्यावर ठेवली, परात ऑफिसात पंख्याखाली ठेवली आणि दारात खुर्ची टाकून बसले. "जिम्मेदारी हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर सृष्टीनं बॅगेची चेन लावली.

गौरम्मा उंबऱ्यात बसून राहिली. तिला एक पातेलं आठवत होतं. ती बीदरकडची. नवी नवरी असताना नणंदेच्या घरच्या बारशाला तिनं हुग्गी करून नेली होती, गव्हाची, गूळ घालून, माहेरी सणाला करतात तशी. कुणीतरी झाकण उचलून "ही काय खळ हाय का कागद चिकटवायची?" म्हणालं. सगळे हसले, तीही हसली. संध्याकाळी पातेलं परत आलं तेव्हा भरलेलं होतं. वरच्या फडक्याची गाठसुद्धा तिनं मारलेलीच होती. त्याला एकतीस वर्षं झाली. ह्या घरात हुग्गी पुन्हा झाली नाही, आणि का होत नाही हे कुणी विचारलं नाही, कारण होत नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा गौरम्माकडं स्वेटर नव्हता आणि बीदरची गाडी आठवड्यातून दोनदा होती. नाहीतर तीही गेली असती.

तिला एवढंच कळत होतं की ती फळी भरलेली घरी येता कामा नये.

ऊन उतरल्यावर ती उठली. "चल, फळी आणू."

"राहू द्या आत्या. साडेसहाची गाडी आहे."

"वाटंतच हाय शाळा. बॅग घे सोबत."

शाळेत हवालदार झेंडा उतरवायच्या तयारीत होते. मॅडम होत्या, ऑफिसच्या चाव्या घेऊन. अमरेश बॅग पोचवायला आला होता. हवालदारांनी दोरी सोडली, झेंडा सावकाश खाली घेतला, आणि मॅडमनी दोन टोकं धरल्यावर घडी घातली. केशरी पट्टा पांढऱ्याखाली, हिरवा पांढऱ्याखाली, वर चक्र. दोन्ही तळहातांवर घेऊन त्यांनी तो कपाटात ठेवला.

गौरम्मानं सगळं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "सटवाजीभाऊ, आणि हा?"

"कोणता?"

"परातीतला. दिवस बुडून राहिला की. हा उतरवायचा न्हाई का?"

"आता रात्रीसुद्धा ठेवता येतो म्हणतात, आई," अमरेश म्हणाला. त्याला मधे बोलायची सवय होती.

"आपल्या शाळेत उतरवतात," हवालदार म्हणाले. पण त्यांचा चेहरा बदलला होता. ते परातीपाशी गेले. बर्फाचं पाणी झालं होतं आणि केशरी पट्ट्याची कड जरा बसली होती. त्यांनी वीस वर्षांची नोकरी डोक्यात उलटीसुलटी करून बघितली.

"दोरी तर न्हाई ह्याला," ते म्हणाले.

"न्हाई."

"मग उतरवायचा कसा?"

गौरम्मानं बिस्किटांची ताटली पुढं केली.

हवालदारांनी टोपी सारखी केली. "एक सांगतो. चढवताना झरझर, उतरवताना सावकाश. घाई कुणी करायची न्हाई. आधी केशरी, मग हिरवा. पांढऱ्याला आत्ता हात न्हाई. मॅडम, तुम्ही पलीकडून घ्या."

"पलीकडून उलटा दिसेल," मॅडम म्हणाल्या.

"उतरवताना चालतंय."

त्यांनी पहिलं बिस्कीट केशरी पट्ट्यातून सावकाश ओढलं, तोंडात घातलं आणि सरळ उभं राहून चावलं. कुणी हसलं नाही. मॅडमनी हिरव्यातून घेतलं. शिपाई आला, दूधवाला आला, मैदानात खेळणारी पोरं आली. हवालदारांनी सगळ्यांची एक रांग लावली. रांग बघून शेजारची घरं आली. सकाळी ज्या पोरीला भेळेकडं धाडलं होतं, ती तीन वेळा रांगेत उभी राहिली, आणि तीनही वेळा हवालदार दुसरीकडं बघत होते. मलप्पा आला, आपल्या खाचेतलं फ्रॉस्टिंग बोटानं काढून म्हणाला, "म्हणलं नव्हतं? हितं जास्त बसंल."

"पानाचं हाय का हे हिरवं?" हवालदारांनी सृष्टीला हळूच विचारलं.

"हो, विड्याचं पान."

"हां." त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं.

गौरम्मानं ते दुसऱ्यांदा घेणं बघितलं. सुनेनंही बघितलं, हे गौरम्मानं बघितलं. सकाळपासूनचं छान आत्ता कुठं पोरीच्या चेहऱ्यावर येऊन टेकलं.

केशरी गेलं, हिरवं गेलं, पांढऱ्याच्या कडा गेल्या. फळीवर मधोमध चक्र राहिलं. साडेसहाची गाडी फाट्यावर हॉर्न वाजवून गेली. कुणी तिकडं बघितलं नाही. हवालदारांनी फळी दोन्ही तळहातांवर घेतली, चार पावलं चालले आणि सृष्टीसमोर थांबले.

"चक्र तुझ्याकडं," ते म्हणाले. "चढवलास तू."

सृष्टीनं एक खारी घेतली, चक्राखाली सरकवली, अलगद उचलली आणि मोडून अर्धी गौरम्मापुढं धरली.

गौरम्मानं खाल्ली. सगळे तिच्याकडं बघत होते. ह्या घरात चांगलं बोलायची पद्धत नव्हती, आणि एका दिवसात पद्धती बदलत नाहीत.

"साखर लई झाली," ती म्हणाली. आणि बोटाला लागलेलं निळं तिनं चाटून घेतलं, अगदी सावकाश.

परत येताना अमरेशच्या हातात बॅग होती आणि गौरम्माच्या काखेत रिकामी फळी.

"गाडी गेली," सृष्टी म्हणाली.

"उद्या हाय की. जाऊन ये चार दिवस."

"हाव," सृष्टी म्हणाली. लातूरची पोरगी पहिल्यांदा 'हो' सोडून इथल्यासारखं हाव म्हणाली होती. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "आत्या, सव्वीस जानेवारीला फळी जरा मोठी मिळेल का? आज लाइनीतली शेवटची माणसं रिकामीच गेली."

"मलप्पाला सांगू. हुग्गी येती का तुला करायला?"

"म्हणजे काय?"

"शिकवीन. फळीवर न्हाई बसायची ती, पातेल्यातच न्यावी लागंल." गौरम्मानं फळी दुसऱ्या काखेत घेतली. "सव्वीस जानेवारीला थंडी असती हितं. झेंड्याला सकाळी सातला जावं लागतं. स्वेटर लागंल तुला."

घरी आल्यावर सृष्टीनं बॅग उघडली, स्वेटर काढला आणि दारामागच्या खुंटीवर, गौरम्माच्या शालीवर अडकवला.