सर्दीची सुटी

वडिलांच्या डाव्या कानामागे, जिथे आंघोळ करताना हात नीट पोचत नाही, तिथे दगडाच्या भुकटीची एक पांढरी रेघ होती. थोरली ती रोज पाहत असे. गेल्या तीन महिन्यांत तिने एक्केचाळीस कामगारांचा श्वास मोजला होता. वडिलांच्या नावापुढे मात्र तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले होते, ‘सर्दी. सुटीवर.’

कामगारांच्या आरोग्यावरील संशोधनासाठी कॉलेजातले सहा विद्यार्थी निवडले गेले होते. आधी प्रशिक्षण, मग वर्षभराची फेलोशिप. दगड घासणाऱ्यांच्या वस्तीतली त्यात ती एकटीच. श्वास मोजायचे यंत्र ती दोन दिवसांत शिकली. पण तपासणीच्या दिवशी नेमके खोकणारेच सुटीवर जातात, त्याचे काय करायचे, हे कुणी शिकवले नव्हते.

“ताई, बघा, सगळे कसे ठणठणीत!” मुकादम म्हणायचा.

ठणठणीत असणारच. बाकीच्यांना बायकांनी घरी बसवलेले असे. छातीचे दुखणे उघड झाले की त्या घरची सोयरीक जुळत नाही, हे वस्तीत प्रत्येकीला पाठ होते.

आज सकाळी संशोधन पाहणाऱ्या मॅडमनी तक्ता पाहून चष्मा काढला. “इतकी निरोगी छाती माझीही नाही. उद्या शेवटची फेरी. हेच आकडे गेले, तर धूळ बसवायला पाण्याचे फवारे कशाला हवेत, असंच मालक म्हणणार.”

खरे काय ते थोरलीला ठाऊक होते. लिहिता मात्र येत नव्हते. माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या दुखण्याचा एक शब्द बाहेर जाता कामा नये, हा प्रशिक्षणाचा पहिलाच धडा होता.

दुपारी ती घरी आली, तशी आई म्हणाली, “ते यंत्र आधी दारामागे सरकव. धाकटीला बघायला मुलाची मावशी येतेय.”

“आई, उद्या शेवटचा दिवस आहे.”

“बरं झालं. परवापासून तरी सुखानं जगू.”

“बाबा, तुम्ही सांगा. येणार ना?”

“बघू,” वडील म्हणाले. तीन महिन्यांतला हा चौथा ‘बघू’ होता. थोरलीने पिशवी इतक्या जोरात ठेवली, की कपाटावरचा डबा वाजला.

मावशी आली. चहा झाला. वडिलांनी खोकला दाबायला गालात लवंग धरली होती, म्हणून ते नुसतीच मान हलवत होते.

“मुलगा नाही आला?” आईने विचारले.

“यायचाच होता हो. जरा सर्दी झालीय त्याला.”

वडिलांची मान हलायची थांबली. “कधीपासून?”

“झालं असेल की वर्ष. हवा बदलली की होतं त्याला.”

“वर्षभर हवाच बदलतेय वाटतं,” धाकटी पुटपुटली. आईने तिच्यावर डोळे वटारले.

“कामाला कुठं आहे?” वडिलांनी विचारले.

“पलीकडच्या शेडमध्ये, पाणी न मारता दगड घासतात त्या सुक्या चाकावर. पंचविशीचा आहे, पण हात असा चालतो, की बघत राहावं.”

वडिलांनी काही बोलायला तोंड उघडले आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. लवंग जमिनीवर पडली. धाकटी पाणी घेऊन धावली.

“सर्दी हो, यांनाही,” आई घाईने म्हणाली.

“साथच आहे,” मावशी तितक्याच घाईने म्हणाली. दोघी आपापल्या रिकाम्या कपात पाहू लागल्या.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. ओठांवर आलेले तिने गिळले. ते बोलायचा हक्क तिचा नव्हता.

वडील पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसले. धाकटीकडे बराच वेळ पाहिले.

“मावशी, मला सर्दी नाही.”

“अहो!” आई म्हणाली.

“थांब गं. तीन वर्षं झाली, मला जिना चढवत नाही. ही भुकटी आहे. तुमच्या पोराच्या छातीतही तीच असेल. आपण दोघं लपवतोय, आणि निस्तरायचं माझ्या पोरीनं?” त्यांना दम लागला. ते थांबले, मग थोरलीकडे वळले. “काढ ते यंत्र दारामागून. उद्या मी फुंकणार आहे. माझं नाव सगळ्यांत वर लिही.”