जिवतीजवळची मोकळी जागा

वाटीच्या काठाला गेरू वाळून बसला होता. नखानं खरवडला तशी लाल भुकटी बोटाला लागली आणि महेंद्रनं बोट पटकन सदऱ्याला पुसलं. सायलीच्या दंडावर असेच लाल ठिपके उठलेत... ती दौंडच्या दवाखान्यात, मोनाली तिच्या उशाशी, आणि आपण न्हावऱ्याला घरी कपडे न्यायला आलो – नुसते कपडे – मग या खोलीत का थांबलो?

समोर कॅनव्हास. आईचीच जिवती. लेकरं राखणारी, श्रावणातल्या शुक्रवारी आई – तुळजाबाई – भिंतीवर काढायची, तीच. घरात जितकी लेकरं तितकी तिच्याभोवती काढायची, हा आईचा नेम. भावाची तीन, आपली सायली. महेंद्रनं चौथं काढलं आणि पुसलं – डावीकडे मोकळी जागा हवी होती, तिथं नजर विसावत होती.

आठ दिवसांपूर्वी आईनं चष्मा सावरत बोटानं मोजलं होतं.

"सायली कुठं हाय रं?"

"आई, चित्र हाय हे, रेशनकार्ड न्हाई."

"व्हय बाबा, तू शिकल्याला. पर नाव काढल्यावर रेशन बंद हुतं, येवढं मला बी कळतं."

तेव्हा दोघंही हसले होते. चौथ्या दिवशी सायलीला ताप आला.

फोन वाजला. मोनाली. "अहो, पेशी आणखी खाली आल्यात. संध्याकाळपर्यंत बघू म्हणतात डॉक्टर. निघालात का?"

"निघतोच."

तीनला पुण्याची गाडी चित्र न्यायला येणार होती. अडीच वाजलेले.

पंधरा दिवसांपूर्वीच्या कीर्तनात बुवा म्हणाले होते – पखवाजवाल्याकडे बघून, मिश्कील हसत – "हात सराईत झाला की देव उठून जातो, माउली. थरथरतो तिथं बसतो." मी केवढ्या टाळ्या वाजवल्या! माझा हात कधी थरथरला? सायलीला पुसताना... तेव्हाही नाही.

आईसारखा त्यानं काडीला कापूस गुंडाळला, गेरूत बुडवला. विठ्ठल, विठ्ठल... डोकं, धड, दोन वेण्या – चार रेघांचं काम. काडी त्या जागेपाशी आली आणि अडली.

ताप डासानं आला, हे त्याला ठाऊक होतं. जिवती कोपत नाही, हेही. आई कधी लेकरावर कोपते का? भीती निराळीच होती – पोर तिकडं सलाइनवर, आणि मला ही जागा अजून रिकामीच सुंदर दिसते आहे.

कापसाच्या टोकाशी थेंब जमत चालला. हात थरथरू लागला... आणि महेंद्रनं तो सावरला नाही.