मोरजीतला ईस्याख

देवकीबाईला नको असलेली गोष्ट सांगायला जावं आणि तिनं ती ऐकून घ्यावी, असं मोरजीत कधी घडलेलं नाही. सुनेनं तोंड उघडलं, "आई, माका जरा सांगूचा आसा..." की ह्या बाई उठल्याच. कधी पेज उतू जायची, कधी परड्यात कोंबड्या शिरायच्या. चुलीवर भांडं नसलं तरी पेज उतू जायची, आता बोला!

शेवटी देवकीच्या नवऱ्यानं, कृष्णनाथानं, एका सकाळी सरळच सांगून टाकलं. "तुयाराची तिकिटां झाली. येतल्या बुधवारी नातीक, आमच्या चेडवाक, घेऊन ती आपल्या गावाक जाता. परत येवची ना."

"माका ती काय बोलूक ना," देवकी म्हणाली.

"तू बोलूक दिलंस?"

"तोंडान सांगून, माझो निरोप घेतल्याशिवाय ह्या घरातसून कोण जायत ना." असं म्हणून तिनं नारळ फोडायला घेतला, तोही असा की करवंटीचे तुकडे ओसरीपर्यंत उडाले.

ही सून, तुयारा, सायबेरियातल्या याकूत लोकांतली. मोरजीच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये ती खोमुस वाजवायला आली होती. खोमुस म्हणजे आपल्या मोरचंगासारखं, दातांना लावून वाजवायचं लोखंडी वाद्य. मागे यंत्राचा ठेका लावून ती त्या बोटभर लोखंडातून घोड्यांच्या टापा काढायची, पाखरं काढायची, बर्फ वितळतानाचे थेंबसुद्धा काढायची. देवकीचा एकुलता एक साईश एकदा आपलं घुमट, म्हणजे मातीच्या घटाचं तालवाद्य, घेऊन त्या वाजवण्यात शिरला, आणि पुढच्या गणेशचवथीला तिला सून म्हणून घरीच घेऊन आला. देवकीनं घर डोक्यावर घेतलं. मग नात झाली, सायना, आणि सगळा आकांत ती साफ विसरून गेली. पोर आधी आईचीच भाषा बोलायला लागली, आजीला त्यांच्यासारखं 'एबे' म्हणायला लागली. दूध मागतेय की पाणी, हे कळायला नको? म्हणून देवकीही ती भाषा शिकली. बोलता फारसं येत नव्हतं, पण कळायचं सगळं.

गेल्या वर्षी साईश मोप्याच्या विमानतळावरची पाळी संपवून येताना मोटरसायकलवरून घसरला आणि जागच्या जागी गेला. तुयारानं खोमुस कपाटात टाकला तो परत काढला नाही. देवकी मात्र नातीकडे बघून जेवायची, नातीकडे बघून निजायची. साईशचे कान, साईशची हनुवटी, साईशचा हट्ट, सगळं त्या पोरीत होतं. ती गेली तर आपण जगायचं कशाला, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

आणि ह्या घायकुतीतूनच तिला ईस्याख सुचला.

ईस्याख हा याकूत लोकांचा वर्षाचा मोठा सण. जूनमध्ये, दिवस सगळ्यांत मोठा असतो तेव्हा, पांढरे कपडे घालून सूर्याचं स्वागत करायचं. आधी अग्नीला नैवेद्य द्यायचा, मग घोडीचं आंबवलेलं दूध प्यायचं, आणि मग हातात हात गुंफून फेर धरायचा. त्या फेराला ओसुओखाय म्हणतात. एकानं ऐन वेळी सुचेल ते गायचं आणि फेरातल्या प्रत्येकानं ते म्हणायचं. एवढ्या तोंडांनी म्हटलेला शब्द फुकट जात नाही, असं तुयारानंच कधीतरी सांगितलं होतं. देवकीनं तेवढंच धरलं. सून ह्या घराचं भलं गाईल, सगळी वाडी तिच्यामागून म्हणेल, आणि मग ती कशी जाईल? बुडत्या माणसाला एवढा हिशेब पुरतो.

वाडीतल्या बायकांची फुगडी बसवणाऱ्या लक्ष्मीकडे ती गेली.

"जूनात फुगडी?" लक्ष्मी खो खो हसली. "चवथ खंय आसा, नि तू खंय आसस!"

"फुगडी न्हय गो. फेर. ती म्हणतली तां आपण म्हणूचा. आणि पांढऱ्या साड्यो नेसून येवचा."

"पांढऱ्यो? आमी सवाष्णी गो! घोव जिते आसत आमचे!"

झालं. पांढऱ्या साडीवरून अर्धा दिवस भांडण झालं आणि शेवटी जाईच्या पांढऱ्या वळेसरांवर, म्हणजे गजऱ्यांवर, भागलं. घोडी तर अख्ख्या पेडण्यात दुधाला मिळणार नव्हती, म्हणून बकरीचं दूध विरजून ठेवलं. पावसाळ्यात होड्या ठेवतात ती माडाच्या झावळ्यांची खोप झाडून घेतली. पाऊस तर असा लागला होता की सूर्याचं तोंड कोणी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुयाराला सांगितलं तेव्हा ती सासूकडे बघतच राहिली.

"माझ्यासाठी केलंस, आई?"

"नाय तर काय, राणीसाठी? तूच गा."

"काय गाऊ?"

"मनात येत तां. तुमचो रिवाजच तो, न्हय?"

"मनात येत तां," तुयारा हळू म्हणाली, आणि कपाटाकडे गेली.

सकाळी खोपीत शेगडी पेटली. तुयारानं निखाऱ्यांवर लोणी सोडलं, आंबट दूध शिंपडलं, मग दातांना खोमुस लावला. त्या आवाजानं देवकीचा ऊर भरून आला. वाजवतेय म्हणजे राहणार! मग बायकांनी हात गुंफले. देवकीनं एका हातात लक्ष्मीचा हात घेतला, दुसऱ्यात सायनाचा. देवळात प्रदक्षिणा घालतात त्या बाजूनं फेर फिरू लागला आणि तुयारानं आपल्या भाषेत पहिली ओळ टाकली.

"सूर्य वर आला, वर आला." अर्थ न कळता बायकांनी ती जशीच्या तशी म्हटली, वर हसल्या.

"समुद्राकाठच्या घरानं मला भात दिला. मला आई दिली." देवकीनं ही ओळ सगळ्यांत मोठ्यानं म्हटली. बघा, बांधली गेली की नाही!

"त्या घराचा मुलगा प्रत्येक खोलीत उभा आहे. मला तिथे श्वास घेता येत नाही." देवकी म्हणता म्हणता अडखळली. बायका मात्र ठेक्यात होत्या.

"बर्फाकाठी माझी आई वाट बघते."

"एबे, मी लेकीला घेऊन जाते. एबे, जा म्हण."

अख्ख्या फेरानं म्हटलं, "एबे, जा म्हण." देवकीचं तोंड मिटलं ते उघडेना. तुयारा थांबली. एक तोंड राहिलं होतं. तिनं तीच ओळ पुन्हा गायली, सासूच्या डोळ्यांत बघून.

"देवकी, म्हण गो!" लक्ष्मीनं कोपर मारलं. "खेळ तूच मांडलंस, नि तूच गप?"

"नाका गो तुयारा," देवकी सगळ्यांसमोर रडायला लागली. लाज गेली, मान गेला, काही राहिलं नाही. "पाया पडतंय तुझ्या. तू जा. तुका जाय थंय जा. चेडवाक माका ठेव. माका आणि काय ना गो!"

तुयाराचे गाल भिजले होते. तिनं मान हलवली आणि तीच ओळ परत गायली, ह्या वेळी इतकी हळू की बाहेरच्या पावसात ती जेमतेम ऐकू आली. आता कोणी हसत नव्हतं. अर्थ कळला नव्हता, पण काय चाललंय ते बायकांना कळलं होतं.

"एबे, म्हण ना," सायना हात हलवत म्हणाली. "सगळ्यांनी म्हटलां."

देवकीनं नातीकडे पाहिलं. आपणच ही माणसं गोळा केली, आपणच म्हटलं मनात येईल ते गा. आता कुठे उठून जायचं? पेज कुठे उतू जातेय? साईश गेला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आज विचारत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

तिनं ओळ म्हटली. 'जा म्हण' इतकंच म्हणून भागणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून मग त्यांच्याच भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, तिनं पुढे म्हटलं, "जा."

बायकांना ती ओळ गाण्यातलीच वाटली. त्यांनी तीही म्हटली.

तुयारा येऊन तिच्या पाया पडली. फेर सुटला, हात सुटले, लक्ष्मी डोळे पुसत दुधाचे पेले भरू लागली. देवकी तिथेच उभी होती.

"एबे," सायना म्हणाली, "हात सोड. दुखता."