मास्तर गप्प बसले त्याची गोष्ट

शिलाई मशिनांच्या त्या संग्रहालयात शिरणं सोपं होतं, बाहेर पडणं महाकर्मकठीण. पाहुणा आत आला रे आला की ते उभारणारे टेलर मास्तर दारात आपली इंची टेप आडवी बांधायचे आणि सुरू व्हायचे. बुटांची जाड शिलाई घालणारं मशीन, टोप्यांचं मशीन, आगीतून वाचलेलं काळंठिक्कर मशीन, बाहुलीचे कपडे शिवायचं एवढुसं मशीन. एकही वगळायची सोय नव्हती. कारण ज्याने ज्याने मशीन दिलं होतं, त्याला मास्तरांनी शब्द दिला होता, "तुमचं मशीन पाहिल्याशिवाय इथून कुणी जाणार नाही." आणि मास्तरांचा शब्द म्हणजे दुहेरी टाक्याची शिवण, उसवायची बातच नको. माणसं मास्तरांवर जीव टाकायची, पण पुन्हा पाऊल टाकायची नाहीत. ओळखीचे तर समोरच्या फुटपाथवरूनच हात करायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे.

"काय घाई असते हो लोकांना!" मास्तर चकित व्हायचे.

"घाई नसते, पाय असतात. ते दुखतात," खिडकीशी रफू करत बसलेल्या त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, म्हणायच्या.

संग्रहालय ज्या हॉलमध्ये होतं, तो वाचनालयाचा होता. वाचनालयाची मंडळी भली, पण त्यांनाही उत्तर हवं होतं. मास्तर थकले की या संग्रहालयाचं पुढे काय? नीट आराखडा दाखवा, नाहीतर हॉल मुलांच्या अभ्यासिकेला देऊ, असं त्यांनी सांगितलं. म्हणून छोट्या संग्रहालयांना मदत करणाऱ्या संघटनेने एक सल्लागारबाई पाठवली. बाई कसली, मास्तरांच्या नातीच्या वयाची पोर! मास्तरांनी तिलाही टेप बांधून सगळं ऐकवलं. तीही पठ्ठी, शेवटपर्यंत उभी राहिली. मग स्टुलावर टेकून तिने हळूच विचारलं, "मास्तर, तुम्ही आजारी पडलात तर हे सगळं कोण सांगणार?"

"मी आजारी पडत नाही."

"आणि पडलातच तर?"

"तर लोक थांबतील मी बरा होईपर्यंत!"

मास्तरीणबाईंनी दाताने दोरा तोडला.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी. त्याच आठवड्यात मास्तरांचा आवाज बसला. साधा नाही, पार बसला. डॉक्टरांनी घसा तपासून बजावलं, "बोलणं बंद. नाहीतर आहे तेवढाही जाईल." दुसऱ्या दिवशी एक कुटुंब संग्रहालयात आलं. मास्तरांनी सवयीने टेप बांधली, तोंड उघडलं आणि तेल न घातलेल्या चाकासारखं काहीतरी कुरकुरलं. पाहुण्यांनी मशिनांवरून नजर फिरवली, ते अवघडून हसले आणि टेपेखालून वाकून निघून गेले. आपण गेलो की ही सगळी मशिनं मुकी होणार, हे मास्तरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दुपारी त्यांनी चहालाही हात लावला नाही.

सल्लागारबाई पुन्हा आली ती कल्पना घेऊनच. "मास्तर, शब्द तुम्ही दिलात, पण ही मशिनं ज्यांची, त्यांना तोंडं आहेत की! ज्याचं त्याने सांगू दे. आणि एका दिवशी थोडीच मशिनं, बाकीची पुढच्या वेळी. सगळं एकदम ताटात वाढलंत तर माणूस परत जेवायला कशाला येईल?"

मास्तर जोरजोरात मान हलवू लागले.

"पुरे, घशापाठोपाठ मानही जाईल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोरगी बरोबर बोलतेय."

दोघींपुढे मास्तरांचं काय चालणार? वाचनालयाची मंडळी आराखडा बघायला यायची होती तोच दिवस ठरला. मास्तरांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, टेप दाराला नाही तर गळ्यात ठेवायची आणि तोंड उघडायचं नाही.

बुटांच्या मशिनाशी चांभारकाम करणाऱ्याची लेक उभी राहिली. सांगता सांगता तिने चाकाचा किस्सा अर्धाच सांगितला आणि मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. मास्तरीणबाईंनी नुसतं पाहिलं. मास्तर बसले. बँडवाल्यांच्या नातवाने आजोबांचे झगमगीत कोट कसे शिवले जायचे ते सांगितलं, तेव्हा हॉल हसून हसून लोळला. एक बाई तर बाहेर जाऊन आपल्या बहिणीला ओढून घेऊन आली. परत आलेला माणूस! मास्तर बघतच राहिले.

शेवटी खिडकीजवळचं हातमशीन उरलं. हे मास्तरांचं सगळ्यात लाडकं. नव्या नवरीला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता आणि मी तिला शिवण कशी शिकवली, ही गोष्ट ते छाती फुगवून सांगायचे. इथे कोण बोलणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. मास्तरीणबाईंनी रफू बाजूला ठेवलं आणि त्या उठल्या.

"ह्यांच्याकडून तुम्ही ऐकलंच असेल, मला काही येत नव्हतं म्हणून. अहो, लग्नाआधी मी माहेरच्या सगळ्यांचे कपडे शिवत होते!"

मास्तरांचा आ वासला तो वासलाच.

"पण हे दुकानातून यायचे ते दमून, तोंडाला कुलूप लावून. तेव्हा फार अबोल होते हो! मी एकटी भिंतींशी किती बोलणार? एकदा मुद्दाम दोरा उलटा लावला. हे शेजारी येऊन बसले, समजावायला लागले. इतकं बरं वाटलं मला! मग काय, रोज काहीतरी बिघडवायचं. तिथून जे बोलत सुटले, ते आता डॉक्टरांनीच थांबवले. तेव्हा तुमचे पाय दुखले असतील तर गुन्हा माझा आहे. मला माफ करा."

हॉलमध्ये हशा उसळला. वाचनालयाच्या अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अभ्यासिकेला आम्ही दुसरी जागा बघू. बाई, पुढच्या वेळी माझ्या मुलांना आणते. पण मास्तर, हे खरं का?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते उठले, हातमशिनासमोर जाऊन बसले. ज्या माणसाने आयुष्यभर डोळे झाकून दोरा ओवला, त्याने तो सावकाश, सगळ्यांदेखत, उलटा लावला आणि बायकोकडे बघितलं.

"अहो, असा नाही," म्हणत मास्तरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या.