भूल

“आ करा. अजून मोठा,” असं म्हणत डॉक्टरने लेखकांच्या हिरडीत सुई घातली.

तिचा हात हलला नाही. त्या हाताची ख्यातीच होती; सुई कधी गेली आणि कधी निघाली ते कळत नाही, म्हणून भित्र्यातले भित्रे पेशंट तिच्याकडे येत. आज भीती वाटत होती ती तिलाच. मागच्या खेपेला एक्स-रेच्या पाकिटात तिने स्वतःची गोष्ट सरकवून दिली होती, ‘वाचा’ असं तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही म्हणून. आज लेखक आले, दाढ ठणकते म्हणाले आणि खुर्चीत आडवे झाले. गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. पाकिटाचा कोपरा मात्र त्यांच्या पिशवीतून डोकावत होता.

बाहेरच्या टेबलाशी तिची मोठी बहीण बसायची, पेशंटची नावं लिहून घ्यायला. ताईच्या डोक्यावर भिंतीला एक चौकट होती. ताईच्या कवितांवर याच लेखकांनी कधीकाळी लिहून दिलेला अभिप्राय: ‘छान! लिहीत राहा.’ गावातल्या निम्म्या घरांत हेच वाक्य होतं. शाळकरी पोरापासून निवृत्त पोस्टमास्तरापर्यंत कुणालाही लेखकांनी विन्मुख पाठवलं नव्हतं. आज आत येताना त्यांची नजर त्या चौकटीवर गेली आणि त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला काढला.

दाराबाहेर रंगारी डबा उघडून बसला होता. दवाखाना फक्त संध्याकाळी चालायचा; सकाळीही उघड, असा घरच्यांनी धोशा लावला होता आणि पाटीवर नवी वेळ घालायची की नाही हे तिने रंगाऱ्याला आजच सांगायचं होतं. सकाळ तिच्या लिहिण्याची होती. तिने मनाशी पक्कं केलं होतं. लेखक ‘छान’ म्हणाले, की पाटी रंगवायची आणि लिहिण्याला रामराम ठोकायचा. असल्या छानावर आयुष्य काढायचं नव्हतं तिला.

“वाचेल ना दाढ?” लेखकांनी विचारलं. ओठ बधिर व्हायला लागला होता.

“वाचेल. पण किडलेलं सगळं काढावं लागेल. वरून चांगलं दिसतंय म्हणून ठेवता येत नाही.”

तिने यंत्र सुरू केलं. त्या घरघरीत तिला धीर आला, किंवा समोरच्याचं तोंड उघडं आणि उत्तर अशक्य, म्हणूनही आला असेल.

“गोष्ट वाचलीत?”

“आँ.”

“हो म्हणजे?”

“आँ, आँ.”

आता यातून काय समजायचं? वाचली, नाही वाचली, की बाई, नीट काम करा? तिने कीड खरवडून काढली, खड्डा धुतला, तात्पुरतं सिमेंट भरलं. सगळं नेहमीपेक्षा सावकाश. संपलं की उत्तर मिळणार होतं.

लेखक उठून बसले. चूळ भरताना पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

“तो वाफ,” ते म्हणाले.

“काय?”

“वाफ. तुमच्या गोष्टीतला.”

बाप. तिने नॅपकिन पुढे केला.

“दात गेले तसा तो वोलायचा थांवतो,” लेखक एकेक शब्द ढकलत म्हणाले. “मुलगी कवळी करून देते. आणि शेवटी तो ती घालून आरशात हसतो.”

“हो.”

“हसला होता?”

दारातून ताईचा पेशंटशी बोलण्याचा आवाज येत होता. डॉक्टरने हातमोजे काढले. एक उलटा निघाला, तो तिने उगाच सरळ केला.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांनी ती डबीतून काढलीसुद्धा नाही.”

“मग का हसवलात?”

“वाचणाऱ्याला फार लागू नये म्हणून.”

“म्हणजे भूल दिलीत.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुम्हीही देताच की! बाहेर भिंतीवर टांगलीय.”

लेखक नॅपकिनने हनुवटी पुसत राहिले. तिथे आता पुसायला काही उरलं नव्हतं.

“देतो,” ते म्हणाले. “जिथे वाचवण्यासारखं काही नसतं, तिथे निदान दुखू तरी नये.” त्यांनी पिशवीतून पाकीट काढून यंत्राशेजारी ठेवलं. “तुमची वाचेल. शेवट काढून टाका.”

तिने पाकीट उचलून घेतलं. वाईट वाटायला हवं होतं. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाला चांगलाच ठणका होता.

“भूल कधी उतरेल?” दाराशी थांबून त्यांनी विचारलं.

“तासाभरात. मग दुखेल.”

त्यांनी मान डोलावली आणि चौकटीकडे न बघता ते पायऱ्या उतरून गेले.

ताई लगबगीने आत आली. “काय गं, गोष्टीबद्दल काय म्हणाले?”

“म्हणाले, बाबा हसले नव्हते.”

ताई पेशंटच्या खुर्चीत बसली. “त्यांना काय ठाऊक?” मग म्हणाली, “नव्हतेच हसले. डबी माझ्या कपाटात आहे अजून.”

“ठाऊक आहे मला.”

“रंगारी खोळंबलाय. काय सांगू?”

“सकाळची वेळ नको म्हणावं.”

ताई उठली, पण गेली नाही. दारातून भिंतीवरची चौकट दिसत होती. तिकडे पाहत ती म्हणाली, “तुला छान म्हणाले नाहीत म्हणजे.”

“नाही.”

“मला म्हणाले होते.” ती हसायला गेली, ते जमलं नाही. “माझ्या कविता... होत्या का गं तशा?”

डॉक्टरने ताईकडे पाहिलं. सुई टोचताना हात हलायचा नाही, तसा तिचा आवाजही हलला नाही.

“छानच होत्या, ताई.”